एलसी३चे ठिपके, तेलकट रेणू आणि माझं 'हुशार' मॉडेल

पेशीपुराण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने एका कामात गुंतलोय आणि आता अशा ठिकाणी येऊन अडलोय की चार जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नाही. म्हणून हा धागा. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी पार्श्वभूमी. पेशी आपल्यातला टाकाऊ माल (थकलेली मायटोकॉन्ड्रिया, गुठळ्या झालेली प्रथिनं) दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत बांधते. ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते, आतल्या आम्लात आणि विकरांत माल विरघळतो, आणि सुटी झालेली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. हीच ऑटोफॅजी. शब्द क्रिश्चन द दुव यांचा, १९६३ चा. मराठीत 'स्वभक्षण' म्हणतात, पण तो शब्द ऐकला की पेशी जीव द्यायला निघाल्यासारखं वाटतं. खरं तर हा भंगाराचा धंदा आहे. मी ऑटोफॅजीच म्हणणार.

ही प्रक्रिया वाढवणारे किंवा रोखणारे रेणू संगणकावर हुडकायचे, हे माझं काम. वाढवली तर मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्यांचे आजार आटोक्यात येतील अशी आशा. रोखली तर उपाशी राहूनही तग धरणाऱ्या कर्कपेशींची रसद तुटेल अशी दुसरी आशा. मी काय केलं, तर सार्वजनिक विदागारांतून 'ऑटोफॅजी वाढवतो' असा शिक्का असलेले रेणू गोळा केले, आरडीकिट या रसायनांच्या सॉफ्टवेअरमधून त्यांचे फिंगरप्रिंट (रेणूच्या रचनेची शून्य-एकांची ओळ) काढले आणि रँडम फॉरेस्टला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या एका मॉडेलला, शिकवायला बसलो. परीक्षेचा आकडा इतका देखणा आला की दोन दिवस मी हवेत होतो.

मग मंजुरी मिळालेल्या औषधांची यादी त्या मॉडेलमधून चाळून काढली. वर काय तरंगलं? मनोविकारांवरची जुनी औषधं, ॲलर्जीची औषधं, हृदयाच्या ठोक्यांवरची, हिवतापावरची. सगळी एका माळेचे मणी. प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंनी यादी पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुझ्या मॉडेलने ऑटोफॅजी नाही शोधली, वंगण शोधलंय."

त्यांना काय म्हणायचं होतं ते अर्धं कळलंय, अर्धं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

अळणी

वाचतोय. शीर्षकातले एलसी३चे ठिपके म्हणजे काय, हे आम्हा अडाण्यांसाठी कोणी सांगेल का?

---

रानजाई

अळणी, मी प्रयत्न करते. हा विषय आमच्या रोजच्या भाजीभाकरीचा आहे.

एलसी३ हे एक प्रथिन. एरवी पेशीभर विरघळलेलं असतं. पिशवी तयार व्हायला लागली की त्याला चरबीची शेपटी जोडली जाते आणि ते पिशवीच्या पापुद्र्यावर चिकटून बसतं. त्या रूपाला एलसी३-दोन म्हणतात. एलसी३ला हिरवा चमकणारा टॅग लावून ठेवला तर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पिशवी एक हिरवा ठिपका दिसते. ठिपके वाढले म्हणजे पिशव्या वाढल्या. इथवर सगळे बरोबर असतात. पुढच्या वाक्यात घोळ होतो: 'पिशव्या वाढल्या म्हणजे ऑटोफॅजी वाढली.'

कचरा डेपोच्या फाटकाबाहेर गाड्यांची लांबच लांब रांग दिसली. आज कचरा जास्त उचलला म्हणून रांग लागली, की फाटकच बंद आहे म्हणून? वरून काढलेल्या एका फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. रॅपामायसिन या औषधाने ठिपके वाढतात, कारण पिशव्या जास्त बनतात. क्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाने आणि बॅफिलोमायसिन या प्रयोगशाळेतल्या रसायनाने त्याहून जास्त वाढतात, कारण पिशव्या रिकाम्याच होत नाहीत. एक प्रक्रिया चालू करतो, दुसरा तिची नाकेबंदी करतो, आणि ढिसाळ नोंदीत दोघांवर 'एलसी३ वाढला' हा एकच शिक्का.

म्हणून आम्ही नुसती रांग मोजत नाही, वाहतूक मोजतो. त्याला फ्लक्स म्हणतात. बॅफिलोमायसिन देऊन फाटक मुद्दाम बंद करायचं आणि मग तुमचं औषध घालून बघायचं. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा एलसी३-दोन अजून चढला तर गाड्या खरंच जास्त निघाल्यात. तिथेच थांबला तर तुमचं औषधही फाटकावरच बसलंय अशी शंका घ्यायची. दुसरा मार्ग जोडटॅगचा: एलसी३ला लाल आणि हिरवा असे दोन्ही रंग लावायचे. हिरवा आम्लात विझतो, लाल टिकतो. पिवळा ठिपका म्हणजे पिशवी अजून बाहेर, लाल ठिपका म्हणजे लायसोसोमात पोचली. पी६२ नावाचं प्रथिन मालाबरोबर खाल्लं जातं, त्यामुळे तेही बघतात. पण पेशी ताणात असली की त्याचं उत्पादनच वाढतं, तेव्हा एकट्या पी६२च्या भरवशावर राहू नये.

जाता जाता एक गंमत. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींनी यीस्टमध्ये १९९२ साली ऑटोफॅजी पहिल्यांदा डोळ्यांना दिसेल अशी पकडली, ती फाटक बंद करूनच. विघटन करणारी विकरं नसलेलं यीस्ट घेतलं, त्याला उपाशी ठेवलं, आणि रसधानीत (यीस्टच्या लायसोसोमात) न पचलेल्या पिशव्यांची गर्दी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ही गर्दी कुठे होत नाही ते शोधत १९९३ मध्ये १५ जनुकांचा माग लागला. २०१६ चं नोबेल त्याच कामाला. फरक एवढाच, की फाटक कोणी बंद केलंय हे त्यांना ठाऊक होतं. पेशीपुराण यांच्या मॉडेलला ते कोणी सांगितलेलं नाही.

---

अळणी

दंडवत घ्या ताई. फाटक समजलं.

---

रसायनवेडी

रानजाईताईंनी जीवशास्त्र सांगितलं, आता वंगणाची बाजू मी सांगते.

लायसोसोमच्या आतला पीएच साधारण ४.५ ते ५, बाहेर पेशीद्रवात ७.२. तेलकट अंग आणि एका टोकाला अमाइन असा आम्लारिधर्मी रेणू घ्या. त्याचं प्रभाररहित रूप पापुद्र्यातून सहज आत जातं. आत आम्ल भेटलं की त्याला प्रोटॉन चिकटतो, धन प्रभार येतो आणि बाहेरची वाट बंद. उंदराच्या सापळ्यासारखं, आत जाणं सोपं. पीएचमध्ये २.५ चा फरक धरला तर एका आम्लारिगटाच्या रेणूचं प्रमाण आत १० चा २.५ वा घात, म्हणजे सुमारे ३०० पट होतं. क्लोरोक्विनमध्ये असे दोन गट आहेत, तिथे हा गुणाकार दोनदा होतो. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात लायसोसोम त्याआधीच फुगतो, आम्लता ढळते आणि हिशेब बिघडतो. पण दिशा कळली असेल.

असे रेणू एलसी३ची रांग लावतात त्यासाठी त्यांना कुठल्याही विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटावं लागत नाही. तेलकटपणा आणि अमाइन, बस. शिवाय लायसोसोममध्ये फॉस्फोलिपिड साठायला लागतात, त्याला फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात. हा प्रकार ओळखायचा एक जुना ठोकताळा आहे, प्लोमन आणि सहकाऱ्यांचा, २००४ चा: पीकेएचा वर्ग अधिक लॉगपीचा वर्ग ९० किंवा त्याहून जास्त, पीकेए किमान ८, लॉगपी किमान १. (पीकेए हा इथे आम्लारिपणाचा आकडा, लॉगपी तेलकटपणाचा.) क्लोरोक्विनचं करून बघा. पीकेए १०.२, लॉगपी ४.६ च्या आसपास. १०४ अधिक २१, म्हणजे १२५. आरामात पास.

पेशीपुराण, तुमच्या यादीतल्या पहिल्या २५ औषधांवर एवढी बेरीज करा. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या गटात कुठलंही मॉडेल चालवण्याआधी आता हे करतोच, कारण एकदा तोंड पोळलंय.

---

कोडगा_कोडर

मी जीवशास्त्रात ढ आहे, मॉडेलचं बोलतो.

१. शिकवणीसाठी आणि परीक्षेसाठी डेटा फाडला कसा? सरसकट फासे टाकून फाडला असेल तर तुमचा देखणा आकडा विसरा. औषधांच्या विदेत एकाच सांगाड्याची भावंडं ढिगाने असतात. थोरला भाऊ शिकवणीत आणि धाकटा परीक्षेत, असं झालं की मॉडेल पाठांतरावर पहिल्या वर्गात पास. बेमिस आणि मर्को यांच्या पद्धतीने सांगाडे काढा आणि अख्खं कुटुंब एकाच बाजूला ठेवा. आकडा पडेल. पडू द्या.

२. शंभरात दोनच रेणू सक्रिय असतील तर 'कोणीच सक्रिय नाही' म्हणणारं ठोंब्या मॉडेलसुद्धा ९८ टक्के अचूक ठरतं. अचूकतेऐवजी हे बघा, की पहिल्या शंभरात खरे किती आले आणि नुसते फासे टाकले असते तर किती आले असते.

३. (हे सगळ्यात महत्त्वाचं, मुद्दाम शेवटी ठेवलं.) रसायनवेडी यांच्या त्या बेरजेलाच मॉडेल माना. दोन आकडे, बाकी काही नाही. तुमचं हजारो बिटांचं रँडम फॉरेस्ट त्या बेरजेला हरवतं का? नसेल हरवत, तर ते काय शिकलंय याचं उत्तर मिळालं.

---

खवचट_काका

वा! म्हणजे एवढा संगणक जाळून जी अक्कल आली ती दोन आकड्यांच्या बेरजेत होती.

मला एक सांगा, या क्षेत्रातलं सगळ्यात नावाजलेलं औषध रॅपामायसिन. ते कोणत्या संगणकाने शोधलं? १९६४ साली कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली, तिथल्या मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सेहगल यांच्या चमूने हा रेणू वेगळा केला. तोही बुरशीवर औषध म्हणून! १९७५ साली तो प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये मंजुरी मिळाली ती मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी. ऑटोफॅजीचं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. रेणूभार ९१४. तुमच्या चाळण्यांत ५०० च्या वरचं सगळं पहिल्याच पायरीला बाहेर फेकतात ना?

---

रानजाई

काका, मुद्दा खरा आहे आणि बोचरापण आहे. :)

---

भिंगरी

काकांच्या मुद्द्यात अजून भर घालते. डॉकिंग (प्रथिनाच्या खाचेत रेणू कसा बसेल ते संगणकावर बघणं) करून रॅपामायसिन सापडलंच नसतं. ते ज्याला रोखतं त्या एमटॉर या प्रथिनाच्या कामाच्या खाचेत जाऊन बसत नाही. आधी एफकेबीपी१२ नावाच्या एका छोट्या प्रथिनाला धरतं, आणि ती जोडगोळी एमटॉरच्या दुसऱ्याच भागाला चिकटते. तिघांची एकत्र रचना १९९६ मध्ये स्फटिकावरून कळली. नुसतं एमटॉर आणि नुसतं रॅपामायसिन घेऊन ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरला बसवलं असतं तर त्याने एक गुण काढून हातात ठेवला असता, आणि त्या गुणाला काही अर्थ नसता.

पण म्हणून डॉकिंग टाकाऊ ठरत नाही. कुठे वापरता त्यावर आहे. व्हीपीएस३४ आणि यूएलके१ हे दोघे पिशवी बांधायच्या सुरुवातीला लागणारे कायनेज, म्हणजे दुसऱ्या रेणूंना फॉस्फेट जोडणारी विकरं. त्यांना एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) बसायची खोल, रेखीव खाच आहे, रचना ठाऊक आहेत. व्हीपीएस३४ला नेमका रोखणारा एसएआर४०५ हा रेणू २०१४ मध्ये आला, तो त्याच खाचेत बसलेला स्फटिकात दिसतो. अशा ठिकाणी डॉकिंगला हाताला काहीतरी लागतं. २०१९ मध्ये तर मागणीनुसार बनवता येतील असे १३ कोटींहून जास्त रेणू एकाच ग्राहकप्रथिनावर डॉक करून दाखवले गेले, आणि त्यातले निवडून प्रत्यक्ष बनवलेले काही रेणू चाललेही. (ते प्रथिन डोपामाइनचं होतं, ऑटोफॅजीचं नव्हतं.)

उलट एलसी३ घ्या. माल ओळखणारी प्रथिनं त्याला एका चार अक्षरी खुणेने धरतात: पहिलं अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन, फिनाइलॲलनिन किंवा टायरोसिन, मग कुठलीही दोन, मग ल्यूसिन, आयसोल्यूसिन किंवा व्हॅलिन. प्रथिनांच्या क्रमात ही खूण संगणकाने शोधणं पोरखेळ आहे. ती इतक्या ठिकाणी सापडते की बहुतेक निव्वळ योगायोग असतात. आणि एलसी३वर ती बसते त्या दोन जागा उथळ बश्यांसारख्या. बशीत कोणताही तेलकट रेणू ठेवला तरी डॉकिंगचा गुण बरा येतो. म्हणजे फिरून वंगणच.

प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डबद्दल कोणी विचारेलच म्हणून आधीच सांगते: २० कोटींहून जास्त अंदाजित रचना खुल्या आहेत, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे, सगळं मान्य. पण ऑटोफॅजीच्या यंत्रणेतली पुष्कळ प्रथिनं लांबच लांब सैल दोऱ्यांसारखी असतात. तिथे अल्फाफोल्डचा आत्मविश्वासाचा आकडा ५० च्या खाली जातो आणि चित्रात शेवयांचा गुंता दिसतो. त्या गुंत्यात खाच शोधून डॉकिंग केलेले अहवाल माझ्याकडे परीक्षणाला आले आहेत. काय लिहावं ते सुचत नाही.

---

खवचट_काका

शेवयांवर डॉकिंग! हे आवडलं. बरं, मग संगणकाने शोधलेलं ऑटोफॅजीचं एखादं काम तरी दाखवा, मी माझे शब्द मागे घेतो.

---

रानजाई

एक दाखवते. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या एका गटाने सहकाऱ्यांसोबत मायटोफॅजी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापुरती ऑटोफॅजी, वाढवणारे रेणू शोधले. नैसर्गिक संयुगांचा संग्रह घेतला आणि प्रत्येक रेणूचं तीन तऱ्हांनी आकड्यांत रूपांतर केलं: रचनेचा सदिश, औषधी गटांची मांडणी, त्रिमिती आकार. मग माहीत असलेल्या मायटोफॅजीवर्धकांच्या जवळपास कोण पडतं ते पाहिलं. १८ रेणू निवडले, त्यातून दोन जोरकस निघाले: केम्फेरॉल आणि ऱ्हापोंटिजेनिन. अल्झायमरची नक्कल असलेल्या सूत्रकृमींत आणि उंदरांत स्मरणशक्ती सुधारली.

मला त्यातलं मॉडेल फारसं विशेष वाटलं नाही. मांडणी विशेष वाटली. यंत्राने यादी आखूड केली, आणि पुढे पेशी, कृमी, उंदीर अशा पायऱ्यांवर प्रत्येक रेणूला चढावं लागलं.

---

रसायनवेडी

रानजाईताई, काम चांगलंच आहे, पण केम्फेरॉल म्हटलं की माझे कान टवकारतात. हे फ्लेव्होनॉइड कुळ बदनाम आहे. पुष्कळ चाचण्यांत हे रेणू दिसेल त्याच्या गळ्यात पडतात: कधी गोळे करून प्रथिनं अडकवतात, कधी स्वतःच चमकतात, कधी ऑक्सिडीकरणाचा गोंधळ घालतात. २०१० पासून अशा उपद्रवी सांगाड्यांच्या चाळण्या उपलब्ध आहेत, आरडीकिटमध्येही आहेत. चाळणीत अडकला म्हणजे रेणू वाईटच असं नाही, पण त्याने पुरावा दुप्पट द्यावा. गोळ्यांची शंका असेल तर चाचणीत चिमूटभर डिटर्जंट घाला. परिणाम नाहीसा झाला तर तो गोळ्यांचाच होता.

---

अळणी

अवांतर: उपास केला की ऑटोफॅजी वाढते आणि माणूस तरुण होतो, असे ढीगभर व्हिडिओ फिरतायत. खरं किती?

---

रानजाई

उंदरांत वाढते, हे पक्कं. २००४ मध्ये चमकणाऱ्या एलसी३चे उंदीर करून, त्यांना दिवसभर उपाशी ठेवून बघितलंय. बहुतेक अवयवांत ठिपके वाढले. मेंदूत मात्र तसे दिसले नाहीत. माणसात फ्लक्स मोजायचा तर जिवंत ऊतीचा तुकडा घेऊन वाहतूक रोखून बघावी लागते, त्यामुळे 'सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू होते' असं घड्याळ लावून सांगणाऱ्यांनी कशाने मोजलं ते त्यांनाच विचारा. आणि धागा वाचून कोणी रॅपामायसिन किंवा क्लोरोक्विन घ्यायच्या फंदात पडू नका. पहिलं प्रतिकारशक्ती दाबतं, दुसरं डोळ्यांच्या पडद्याला आणि हृदयाच्या ठोक्यांना त्रास देऊ शकतं.

---

भिंगरी

धागा मूळ पदावर आणते. पेशीपुराण, रचनेवरून शिकण्याऐवजी जनुकांच्या प्रतिसादावरून शिकायचा विचार केलात का? एल१००० पद्धतीत ९७८ जनुकं मोजतात, बाकीच्यांचा अंदाज गणिताने बांधतात, आणि अशा दहा लाखांहून जास्त नोंदी खुल्या आहेत. 'रॅपामायसिन दिल्यावर पेशी जशी बोलते तशी कोणत्या रेणूने बोलते?' असा प्रश्न थेट विचारता येतो.

इथेही सापळा आहेच. लायसोसोमची जनुकं चालू करणारा टीएफईबी हा मुकादम. उपासमारीने तो जागा होतो, तसाच लायसोसोम तुंबला तरी जागा होतो. त्यामुळे 'लायसोसोमची जनुकं वाढली' यावरूनही चालू की तुंबलेलं ते कळत नाही. पण तेलकट अमाइनवाले रेणू बऱ्याचदा कोलेस्टेरॉल बनवणारी जनुकंही चढवतात, कारण लायसोसोमात अडकलेलं कोलेस्टेरॉल पेशीला दिसेनासं होतं आणि तिला वाटतं तुटवडा पडला. ती खूण सोबत दिसली की लाल निशाण लावायचं.

---

रसायनवेडी

भिंगरी +१. आणि ज्यांना वाटतं हा किरकोळ तांत्रिक काथ्याकूट आहे, त्यांनी २०२० आठवावं. करोनावर जुनी औषधं लागू पडतात का याची जगभर लगबग होती, आणि पेशींच्या थाळीत एकामागून एक औषध 'विषाणू रोखतं' म्हणून पुढे येत होतं. २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं, की त्यातल्या पुष्कळांचा परिणाम फॉस्फोलिपिडोसिसच्या तीव्रतेबरोबर चढत-उतरत होता. जितका लायसोसोम तुंबला तितका विषाणू रोखलेला दिसला. उंदरांत मात्र त्याचा उपयोग होईना. केवढे पैसे आणि केवढे रुग्ण त्या चाचण्यांत खर्ची पडले.

---

खवचट_काका

हे मात्र गंभीर आहे. शब्द अर्धे मागे घेतो. अर्धे ठेवतो, कारण ऑटोफॅजीसाठी म्हणूनच मंजूर झालेलं औषध अजून माझ्या पाहण्यात नाही. आहेत ती दुसऱ्याच कामासाठी आलेली.

---

पेशीपुराण (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देतोय कारण सांगितलेलं करून बघत होतो.

बेरीज केली. माझ्या पहिल्या २५ पैकी २२ त्या ठोकताळ्यात पास. उरलेल्या तिघांपैकी एकाचा पीकेए मी चुकीचा घेतला होता, म्हणजे २३. सांगाड्यांनी डेटा फाडल्यावर देखणा आकडा एवढा पडला की तो इथे लिहायची लाज वाटते, आणि कोडगा_कोडर यांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर 'नाही, हरवत नाही' असं आहे. सहकारी बाईंना सांगितलं. त्यांनी फार हसू नये म्हणून चहाच्या वेळेआधीच सांगितलं.

मग मूळ शोधनिबंध उघडून शिक्के तपासायला बसलो. हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. 'वाढवतो' लिहिलेल्यांत तीन जाती निघाल्या: फ्लक्स मोजलेले, नुसते ठिपके मोजलेले, आणि कसं मोजलं ते कळतच नाही असे. सगळं इतकं सोपंही नाही. २००७ मधल्या एका चाळणीत अमायोडॅरोन, लोपेरामाइड, पिमोझाइड, ट्रायफ्लुओपेराझिन ही 'वाढवणारी' म्हणून आली आहेत. त्या लोकांनी ठिपक्यांसोबत दीर्घायुषी प्रथिनांचं विघटनही मोजलं होतं, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. तरी चौघेही तेलकट अमाइनच. कदाचित एकच रेणू कमी मात्रेला चालू करत असेल आणि जास्त मात्रेला तुंबवत असेल. माझ्या तक्त्यात मात्रेचा रकानाच नव्हता! आता घातलाय.

नवी मांडणी अशी ठरवलीय: एका 'हो/नाही'ऐवजी दोन वेगळी उत्तरं, पिशव्या जास्त बनतात का आणि लायसोसोम तुंबतो का. ठिपक्यांवरचा शिक्का पहिल्या उत्तरासाठी वापरायचा नाही. फ्लक्सवाले रेणू फारच थोडे उरतात, त्यामुळे मॉडेलला जिथे सर्वांत जास्त शंका आहे तेच रेणू आधी प्रयोगशाळेत पाठवायचे आणि निकाल परत शिकवायचे, असं चक्र लावतोय. चित्रांची मोजणी सेलप्रोफायलरमध्ये, पिवळे आणि लाल ठिपके वेगवेगळे.

रानजाई, एक प्रश्न: बॅफिलोमायसिन किती वेळ ठेवता?

---

रानजाई

मोजणीच्या आधीचे शेवटचे दोन ते चार तास. रात्रभर ठेवू नका, पेशी बाकी कारणांनीच आजारी पडतात आणि मग मोजलेल्याला अर्थ राहत नाही. तुमच्या पेशींवर आधी वेळेचा एक छोटा प्रयोग करून घ्या.

---

पेशीपुराण (धागाकर्ता)

ठीक. बॅफिलोमायसिनची एक जुनी कुपी फ्रीजरच्या तळाशी सापडली, पण वरची तारीख पुसली गेलीय. बाई म्हणाल्या, टाकून दे. नवी मागवलीय, आली की वेळेच्या प्रयोगाची चित्रं इथेच डकवतो.